हवाई टपालाची तिकिटे : विमाने आणि जुनी शिल्पे

टपालाचे तिकीट म्हणजे पत्राचे भाडे, अशी आपली साधी समजूत असते आणि ती काही चुकीची नाही. भाडे भरले, पोस्टाने शिक्का मारला, पत्र पोहोचले, की तिकिटाचे काम संपले. पण ज्या कागदाचे काम संपले तोच कागद काही वर्षांनी बोलू लागतो. हवाई टपालाची जुनी तिकिटे ह्या बाबतीत फार बोलकी आहेत. कुणावर विमानाचे चित्र असते, कुणावर पडक्या देवळाचे, आणि काही देशांनी तर भग्न खांबांच्या माथ्यावरून उडणारे विमानच तिकिटावर काढले आहे. ही तिकिटे जमवणाऱ्यांचा एक वेगळा पंथच जगात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ह्या विषयाची जरा अधिक आपुलकी वाटावी, कारण भारताची अशी पुष्कळशी तिकिटे नाशिकरोडला छापली गेलेली आहेत.

पूर्वी हिंदुस्थानची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात आणि बोटीने इकडे येत. 1925-26 च्या सुमारास नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि ते काम इकडे आले. आपल्याकडे त्याला नुसते ‘प्रेस’ म्हणतात. अमक्याचा मुलगा प्रेसमध्ये लागला म्हटले, की कुठल्या प्रेसमध्ये, हे कुणी विचारत नाही. पण त्याच प्रेसमधून निघालेली तिकिटे आज परदेशातल्या संग्राहकांच्या वहीत जपून ठेवलेली असतात, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

आता विमानाकडे वळू. विमानाने सरकारी टपाल नेण्याचा जगातला पहिला मान आपल्या देशाकडे आहे. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनात आँरी पेके नावाच्या तेवीस वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे आपल्या विमानात घेतली आणि यमुना ओलांडून नैनीला नेऊन उतरवली. अंतर सुमारे सहा मैलांचे, वेळ सुमारे तेरा मिनिटे. विमान म्हणजे लाकडी सांगाडा, वर कापड, आणि वैमानिक उघड्यावर बसलेला. त्या पत्रांवर तिकिटे नेहमीचीच होती. खास होता तो शिक्का : जांभळट लाल शाईचा, त्यावर विमानाचे आणि डोंगरांचे चित्र. तो शिक्का असलेले पाकीट संग्राहकांना आज मोठ्या ठेव्यासारखे वाटते.

विमानाचे चित्र तिकिटावर यायला मात्र आणखी अठरा वर्षे जावी लागली. 30 मार्च 1929 रोजी लंडनहून कराचीपर्यंत नियमित हवाई टपाल सुरू झाले. नियमित म्हटले तरी सारा प्रवास हवेतून होत नव्हता. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमान बाझेलला येई, तिथून पत्रांची पोती आगगाडीने जिनोआला, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रियाला, आणि तिथून दुसऱ्या विमानाने गाझा, बगदाद, बसरा, बुशहर, जास्क, ग्वादर करीत कराचीला. सुमारे पाच हजार मैल, आठवडाभराचा खटाटोप. शेवटच्या टप्प्यावर जे विमान होते त्याचे नाव डी हॅविलंड हर्क्युलिस : एकावर एक असे दोन पंख आणि तीन एंजिने.

हे विमान ऑक्टोबर 1929 मध्ये नाशिकला छापलेल्या सहा तिकिटांवर आले. किमती दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा आणे. चित्रात पंचम जॉर्ज बादशहाचा चेहरा, उडणारे हर्क्युलिस आणि खाली झाडांचे शेंडे. छपाई शिळाछापाच्या सुधारलेल्या पद्धतीची. ह्यांतल्या काही तिकिटांत एका झाडाचा शेंडाच उमटायचा राहून गेला आहे. हौशी माणसे भिंग लावून तो नसलेला शेंडा शोधीत बसतात. तुम्हां-आम्हांला हा रिकामपणाचा उद्योग वाटेल, पण बी-बियाण्यातला भेसळीचा दाणा शोधणारा शेतकरी हीच नजर वापरतो, एवढे ध्यानात घ्यावे.

ह्या वाटेवरची एक गोष्ट खेड्यातल्या श्रोत्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पॅलेस्टाईनकडून बगदादला जाताना मध्ये मोठे वाळवंट लागते. खाली खूण नाही, झाड नाही, गाव नाही. वैमानिकाने वाट ओळखायची कशी? 1921 साली इंग्रजांच्या हवाई दलाने ह्या वाटेने टपाल नेण्यास सुरुवात केली, तेव्हा जमिनीवर मोटारींच्या चाकांच्या खुणा उमटवल्या, आणि जिथे चाकोरी दिसेना तिथे चक्क नांगराचे तास ओढले. वैमानिक वरून ते तास धरून जाई. पुढे हर्क्युलिस विमाने ह्याच भागातून जाऊ लागली. मुंबईला आलेल्या कित्येक पत्रांची वाट अशी नांगराने आखलेली होती.

ह्याच वाटेवर ते प्राचीन अवशेषही येतात. इजिप्तने 1933 मध्ये हवाई टपालाची एक मोठी मालिका काढली. तिच्यावर गिझाच्या पिरॅमिडांवरून हँडली पेज जातीचे चार एंजिनांचे विमान उडताना दाखवले आहे. हे काही चित्रकाराच्या मनचे नव्हे. त्या जातीची विमाने त्या वेळी कैरोहून पूर्वेकडे हिंदुस्थानचे टपाल घेऊन खरोखरच जात होती. ग्रीसने त्याआधी, 1926 मध्ये, चार सुंदर तिकिटे काढली. त्यांतल्या तीन द्राख्माच्या तिकिटावर अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरून पाण्यावर उतरणारे विमान जाते, आणि दहा द्राख्माच्या तिकिटावर तेच विमान जुन्या खांबांच्या रांगेतून बाहेर डोकावून पाहावे तसे दिसते. लेबनॉन आणि सीरिया त्या काळी फ्रान्सच्या ताब्यात होते. तिथेही 1930 च्या सुमारास बालबेक आणि पालमायरा अशा पुरातन स्थळांवरून उडणारी विमाने तिकिटांवर आली.

आता ही तिकिटे नुसती ‘छान आहेत’ म्हणून वहीत चिकटवली तर अर्धी मौज गेली. तिकीट हातात घेऊन एक प्रश्न विचारावा : खालचा दगड कुणाचा आणि वरचे विमान कुणाचे? इजिप्तच्या तिकिटावर पिरॅमिड इजिप्तचे, विमान इंग्रज कंपनीचे. लेबनॉनच्या तिकिटावर खांब लेबनॉनचे, विमान फ्रेंचांचे. राज्यकर्त्याला दोन्ही गोष्टी एका चौकटीत हव्या होत्या : तुमचे थोर होते ते जुने झाले, आमचे आहे ते नवे आहे. हे कुठे लिहिलेले नाही, पण चित्र तेच सांगते. आणि आपल्या 1929 च्या तिकिटांवर तर आपला म्हणावा असा दगडसुद्धा नाही. बादशहा, विमान आणि झाडे, बस्स. पांडवलेणी ह्या प्रेसपासून काही फार दूर नाहीत, पण तिकिटावर त्यांची आठवण कुणाला व्हावी!

पुढची पायरी 1937 ची. सहाव्या जॉर्ज बादशहाच्या मालिकेत टपाल वाहून नेण्याची सारी साधने क्रमाने आली. दोन आण्यांवर घुंगुरकाठीवाला हरकारा, अडीच आण्यांवर बैलगाडी, तीन आण्यांवर टांगा, साडेतीनवर उंट, चारवर आगगाडी, सहावर आगबोट, आठवर मोटार लॉरी आणि बारा आण्यांवर विमान. मला ही मालिका फार आवडते. बैलगाडी आणि विमान एका मालिकेत बसवणे ही कल्पना नव्हती, ती वस्तुस्थिती होती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ नावाच्या एका एंजिनाच्या छोट्या विमानात टपाल घेऊन निघाले, तेव्हा अहमदाबादला त्यांच्या विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. तिथून ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ह्या त्यांच्या सहकाऱ्याने तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. 1982 मध्ये ह्या घटनेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा पोस्टाने तिच्यावर तिकीट काढले.

आता 1947. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट 21 नोव्हेंबर 1947 रोजी निघाले, साडेतीन आण्यांचे, राष्ट्रध्वजाचे. त्यानंतर 15 डिसेंबरला एकाच दिवशी दोन तिकिटे निघाली. दीड आण्याच्या तिकिटावर सारनाथचे अशोकाचे सिंहशीर्ष, आणि बारा आण्यांच्या तिकिटावर डीसी-4 हे चार एंजिनांचे विमान. तिन्हींवर ‘जय हिंद’ ही अक्षरे आहेत. हे सिंहशीर्ष इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातले. ते 1904-05 च्या उत्खननात सापडले, आणि 26 जानेवारी 1950 रोजी राष्ट्राचे बोधचिन्ह ठरले. म्हणजे त्याआधीच दोन वर्षे ते तिकिटावर बसून घरोघर गेलेले होते. ही दोन तिकिटे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दगड आपला आणि विमानही आपण निवडलेले. विमान बनले होते अमेरिकेत, हे खरे. पण चेहऱ्याच्या जागी आता बादशहा नव्हता.

पैशांचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. देशातल्या पत्रासाठी दीड आण्याचे तिकीट, आणि परदेशी हवाई टपालासाठी बारा आण्यांचे. म्हणजे आठपट. रुपयाचे सोळा आणे असत, तेव्हा पाऊण रुपया एका पत्राला! एवढे पैसे मोजून कुणी पत्र पाठवले असेल, तर त्यात ख्यालीखुशालीपेक्षा काही अधिक असणार, असे समजायला हरकत नाही.

1948 मध्ये बारा आण्यांचे आणखी एक तिकीट निघाले. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या पहिल्या उड्डाणानिमित्त हे तिकीट होते. त्यावरचे विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन. हे ओळखायचे कसे, तर शेपटीकडे पाहावे. ह्या विमानाला शेपटीवर एकाऐवजी तीन उभे पंख असतात. हर्क्युलिसची तीन एंजिने आणि दुहेरी पंख, डीसी-4 ची चार एंजिने आणि एकेरी शेपूट, कॉन्स्टेलेशनची तिहेरी शेपूट : मुलांना एवढे एकदा दाखवले, की ती आपल्यालाच शिकवू लागतात.

आणि मग 15 ऑगस्ट 1949. त्या दिवशी पुरातत्त्वाची सोळा तिकिटांची मालिका निघाली. तीन पैवर अजिंठा, सहा पैवर कोणार्कचा घोडा, नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती, दोन आण्यांवर नटराज, तीनवर सांचीचे तोरण, सहा आण्यांवर विजापूरचा गोलघुमट, अशी वर चढत चढत पंधरा रुपयांवर पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर. तीन पै म्हणजे पाव आणा. आपल्या मराठी मुलखातली लेणी आता सगळ्यांत स्वस्त तिकिटावर बसली होती, म्हणजे सगळ्यांत जास्त हातांत जाणार होती.

ह्या मालिकेतल्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती. तिकीट विकले जाऊ लागले आणि मग लक्षात आले, की मूर्ती आरशात पाहावी तशी उलटी छापली गेली आहे. उजवा हात पुढे असायचा तो डावा झाला. जुलै 1950 मध्ये मूर्ती सरळ करून तिकीट पुन्हा काढण्यात आले. दोन्ही तिकिटे जवळजवळ ठेवली म्हणजे फरक चटकन कळतो. एकेकटे पाहिले तर शंभरांतल्या नव्वदांना कळणार नाही. वर्गात नुसते ‘निरीक्षण करा’ असे सांगण्यापेक्षा ही दोन तिकिटे फिरवावीत.

पण ह्या सोळा तिकिटांवर विमान एकही नाही, अगदी बारा आण्यांवरसुद्धा नाही. तिथे अमृतसरचे सुवर्णमंदिर आहे. माझ्या मते ह्याचे एक कारण नागपूरला सापडते. 1949 च्या जानेवारीअखेर रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे आणि चारही मध्यरात्री नागपूरला येऊन मिळत. तिथे पोत्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत. हा प्रकार 1973 पर्यंत चालला. एप्रिल 1949 पासून तर देशातली साधी पत्रेही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. मग विमानाचे वेगळे तिकीट कशाला? जे रोजचे झाले त्याचे चित्र कोण काढतो? पुढे विमान तिकिटावर येत राहिले ते आठवणीसाठी. 1954 मध्ये टपाल तिकिटांच्या शताब्दीला आले, 1961 मध्ये अलाहाबादच्या त्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा तीन तिकिटांवर आले.

इथे एक कळकळीची गोष्ट सांगितली पाहिजे. निफाड तालुक्यात एका शाळेत बोलायला गेलो असता एका मुलाने आपली तिकिटांची वही मोठ्या उत्साहाने दाखवली. तीत 1947 चे ते बारा आण्यांचे विमान होते. मुलाने कात्रीने कडेकडेने नेमके कापून, भाताच्या शिताने चिकटवले होते. शिक्क्याचा एक कोपरा तेवढा उरला होता, त्यात तारखेचे दोन आकडे. चौकशी केली तेव्हा कळले, की घरातले एक आजोबा परदेशी होते, त्यांची पत्रे ट्रंकेत होती. पाकिटे? ती चुलीत गेली. पत्र कुठून निघाले, कुठल्या वाटेने आले, किती दिवसांत आले, कुणाच्या नावावर आले, ते सारे पाकिटावर होते. तिकीट हातात राहिले, पण ते कुणाचे, हे सांगणारे काही उरले नाही. मुलाचा ह्यात दोष नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

म्हणून पहिला नियम हा, की जुन्या पाकिटावरचे तिकीट काढू नये. पाकीट आहे तसे ठेवावे. मागची बाजू उलटून पाहावी, कारण वाटेतल्या आणि पोहोचल्याच्या गावचे शिक्के पुष्कळदा मागे असतात. निळे निळे घडीचे हवाई पत्र असेल तर ते कापण्याचा प्रश्नच नाही. त्यावर तिकीट छापलेलेच असते आणि आत मजकूर असतो. आपल्या भागातली पुष्कळ माणसे पलटणीत होती, काही बोटीवर होती. त्यांची पत्रे माळ्यावर, फडताळात, देव्हाऱ्याखालच्या पेटीत अजून असतील. घर पाडून नवे बांधताना ही पेटी सर्वांत आधी रद्दीवाल्याकडे जाते. ती जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, एवढेच मागणे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याखेरीज मात्र आतले पत्र वाचू नये आणि शाळेतही नेऊ नये.

सुट्या, साध्या तिकिटांची गोष्ट वेगळी. ती पाकिटाच्या तुकड्यासह कोमट पाण्यात, तोंड वर करून तरंगत ठेवावीत. पंधरा-वीस मिनिटांत डिंक सुटतो आणि तिकीट आपण होऊन वेगळे होते. नखाने ओढले की कागद सोलला जातो. रंगीत पाकिटाचा तुकडा असेल तर तो एकटाच भिजवावा, नाहीतर त्याचा रंग साऱ्यांना लागतो. मग टिपकागदावर पालथे वाळवून जाड पुस्तकात दाबून ठेवावे. वहीत लावताना डिंक, खळ, भाताचे शीत, चिकटपट्टी ह्यांतले काहीही लावू नये. पातळ कागदाच्या बिजागऱ्या मिळतात त्या वापराव्यात, किंवा जाड कागदाला दुमड घालून खिसा करावा आणि तिकीट त्यात सरकवावे. हात लावण्याऐवजी बोथट टोकाचा चिमटा बरा. आपल्याकडचा पावसाळा ह्या छंदाचा मोठा वैरी आहे. दमट हवेत तिकिटावर तांबूस ठिपके पडतात आणि कसर लागते. वही आडवी न ठेवता उभी ठेवावी, आणि दिवाळीच्या सुमारास कोरड्या दिवशी सावलीत उघडून वारा द्यावा. उन्हात मात्र ठेवू नये, रंग उडतो.

जुने तिकीट उजेडासमोर धरले तर कागदातच चांदण्या दिसतात. हे जलचिन्ह. नकली तिकीट करणाऱ्याला चित्र साधते, चांदणी साधणे कठीण. 1929 चे विमान आणि 1949 ची त्रिमूर्ती ह्या दोन्हींच्या कागदात ह्याच चांदण्या आहेत. राज्य बदलले, चित्र बदलले, नाशिकरोडच्या कागदातले चांदणे काही वर्षे तसेच राहिले.

शिक्षकमित्रांसाठी थोडे. ह्यासाठी महागडी तिकिटे विकत घेण्याची गरज नाही. 1949 च्या मालिकेतली कमी किमतीची तिकिटे भरपूर छापली गेली, ती अजून सहज मिळतात. मोठ्या रुपयांची आणि 1929 ची तिकिटे विकत घेताना मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भिंतीवर जगाचा नकाशा लावून क्रॉयडनपासून कराचीपर्यंत दोरा ताणावा. मुलांना विचारावे, की ही गावे समुद्राच्या किंवा नदीच्या काठाकाठानेच का आहेत, आणि मध्ये दोरा सरळ वाळवंटात का शिरला. एखाद्या पाकिटावर निघाल्याचा आणि पोहोचल्याचा असे दोन्ही शिक्के मिळाले, तर दिवसांचा हिशोब मुलांकडूनच करवून घ्यावा. आपल्या तालुक्यातले कुठले शिल्प तिकिटावर यावे, असे विचारले तर सिन्नरची मुले गोंदेश्वराचे नाव घेतल्यावाचून राहणार नाहीत. मग त्यांना ते काढायला सांगावे, तिकिटाच्या चौकटीत. एवढ्या लहान जागेत एवढे मोठे देऊळ बसवताना काय सोडायचे आणि काय ठेवायचे, हे त्यांना पेन्सिल हातात घेतल्यावरच कळते. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याने 2017 मध्ये ‘स्पर्श’ नावाची शिष्यवृत्ती सुरू केली आहे, ती खास तिकिटसंग्रह करणाऱ्यांसाठी. तिची चौकशी जवळच्या मोठ्या पोस्टात करावी.